रेकॉर्डवर आलेलं हसू

जयंतीबाई रणदिवे यांनी कोर्टात स्टेनो म्हणून पस्तीस वर्षं काढली, पहिली बत्तीस फोर्टात आणि शेवटची तीन दिंडोशीला. या पस्तीस वर्षांत त्यांनी माणसाचं हसणं एकदाही टाइप केलं नाही. रडणं पुष्कळदा केलं. पिंजऱ्यात साक्षीदार रडायला लागला की साहेब थांबत, पट्टेवाला पाण्याचा ग्लास पुढे करी आणि साहेब सांगत, ‘साक्षीदारास अश्रू अनावर झाले, असं घ्या.’ जयंतीबाई घेत. हसणाऱ्याचं मात्र कागदावर काही येत नसे. एकदा एक सासरा सुनेची साक्ष ऐकता ऐकता भर कोर्टात खो खो हसत सुटला. जयंतीबाईंची बोटं थांबली, त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नुसती मान हलवली. नको. तेव्हापासून हसणं पुराव्यात बसत नाही अशी त्यांची समजूत झाली होती. ती चुकीची आहे हे कळायला अडुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

बोरिवली पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. नवरा नंदकिशोर यांनी घेतलेला, त्यांच्या मागे जयंतीबाईंच्या नावावर आलेला. ते गेल्यावर दोन वर्षांनी मुलगा अनय म्हणाला, “आई, पुढे कटकट नको. बक्षीसपत्र करून टाकू आत्ताच. नाहीतरी तुझं ते माझंच ना?”

हे वाक्य उलटं करून म्हणता येतं का, हे जयंतीबाईंनी तेव्हा तपासलं नाही. बक्षीसपत्र मात्र त्यांनी स्वतः टाइप केलं, कारण वकिलाकडच्या टायपिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं की, घेणार हा देणार हिचा तिच्या हयातीत योग्य सांभाळ करील या अटीवर ही मिळकत देण्यात येत आहे.

अनय वाचताना थांबला. “हे काय घातलंयस? मी काय परका आहे?”

“सवय आहे रे. त्याशिवाय कागद पुरा वाटत नाही.”

अनय हसला, त्याने सही केली. जयंतीबाईंनीही केली: राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय. तेही त्यांनीच टाइप केलेलं होतं.

त्यानंतर घरात फारसं काही झालं नाही. अशा घरांत फारसं काही होत नाहीच. कुणी हात उगारला नाही, कुणी आवाज चढवला नाही. आतल्या खोलीत अनयचं वर्क फ्रॉम होमचं टेबल आलं आणि जयंतीबाईंचं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर गेलं. मग दाराचं कुलूप बदललं. जुनं लॅच गेलं, आकडे दाबून उघडणारं नवं आलं. चार आकडे. अनयला माहीत, सुनेला, मानसीला, माहीत, आणि अकरा वाजता येणाऱ्या दर्शनाला माहीत, कारण ती आली नाही तर भांडी तशीच राहिली असती.

“आई, तुम्हाला नको तो ताप,” मानसी म्हणाली. “विसरलात तर? तीनदा चुकलं की लॉक होतं ते.”

जयंतीबाईंना एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या खटल्यांचे नंबर अजून पाठ होते. त्या म्हणाल्या, “बरं.”

मग हास्यक्लब आला. तोही मानसीनेच शोधला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की हसण्याने ज्येष्ठांचा रक्तदाब, झोप, सांधे, एकटेपण, सगळं सुधारतं. मानसीने ते जयंतीबाईंना वाचून दाखवलं. “सकाळी सात ते आठ. पाच मिनिटांवर बाग आहे. जा ना आई, हेल्थसाठी.” सात ते आठ ही वेळ घरात बाथरूमसाठी रांग लागायची होती, हा योगायोग. पावणेआठला दोघं नोकरीला निघत, हाही योगायोग. अनयचं वर्क फ्रॉम होम तोवर संपलं होतं, पण टेबल राहिलं होतं.

म्हणजे हिशेब साधा होता. आठला हसणं संपायचं, अकराला दर्शना यायची. मधले तीन तास जयंतीबाई बागेतल्या बाकावर.

बागेत रोज पंचवीस-तीस म्हातारी माणसं गोल करून उभी राहत. मधे चंद्रप्रकाश, निवृत्त विमा अधिकारी, गळ्यात शिट्टी. ते सांगतील ते हसायचं. नमस्कार हास्य, ताक-घुसळणी हास्य, मोबाइल हास्य, भांडण हास्य. शेवटी सिंहहास्य, ज्यात डोळे वटारून, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून, पंजे उगारून आतून गडगडायचं. पहिल्या दिवशी जयंतीबाई पर्स पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

“हसू येत नसेल तरी हसा,” चंद्रप्रकाश म्हणाले. “शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही. फायदा तोच मिळतो. सायन्स आहे हे.”

हे जयंतीबाईंना पटलं. हे डिक्टेशन होतं, आणि डिक्टेशन त्यांना येत होतं. समोरचा बोलतो ते आपलं नसतं, आपण फक्त चोख उतरवायचं. महिनाभरात क्लबमध्ये त्यांच्यासारखं सिंहहास्य कुणाचं नव्हतं. चंद्रप्रकाश नव्या माणसाला त्यांच्यासमोर आणून उभं करत. “मॅडमकडे बघा. असं बेंबीच्या देठापासून यायला पाहिजे.” कुणी ना कुणी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेई आणि ग्रुपवर टाकी. अनयही त्या ग्रुपवर होता, ‘फॅमिली मेंबर’ म्हणून. तो खाली अंगठा टाकत असे.

आठ वाजता सगळे पांगले की बाकावर दोघीच उरत. दुसरी क्लॅरिस. तिथल्याच जुन्या गावठाणातली, नवरा गेलेला, मुलगा जेफ्री दुबईला, घरात ती आणि दोन मांजरी. तिच्याकडे किल्ली होती, तरी ती बसायची. थर्मासमधून चहा आणायची.

“काय गो जयंती, आज पण अकरा?”

“आज दर्शनाला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. बारा.”

“कामवालीला नंबर म्हाईत आणि घरवालीला नाय. झकास.” क्लॅरिसने चहा ओतला. “तिलाच विचार ना सरळ. चार आकडे तर हायेत.”

दर्शनाने स्वतःच एकदा सांगू पाहिलं होतं. “आजी, मी सांगते ना. कुणाला कळतंय?” जयंतीबाईंनी तिला हाताने थांबवलं होतं. घर ज्यांच्या नावावर केलं त्यांना सांगायचा असेल तर ते सांगतील. आपल्याच दाराचा नंबर कामवालीकडून चोरून घ्यायचा नाही. याला स्वाभिमान म्हणतात असं त्यांना वाटे. क्लॅरिस त्याला मूर्खपणा म्हणे, आणि पावसाळ्यात तो मूर्खपणा आपल्या घरी नेऊन खुर्चीत बसवी.

क्लबला दहा वर्षं झाली तेव्हा चंद्रप्रकाशांनी स्मरणिका काढायची ठरवली. प्रत्येकाने मनोगत द्यायचं: हास्याने मला काय दिलं. महिनाभर कुणी काही दिलं नाही. मग चंद्रप्रकाश जयंतीबाईंना म्हणाले, “मॅडम, तुमचा टायपिंगचा हात आहे. तुम्हीच बघा ना.”

जयंतीबाईंनी बघितलं. त्यांनी एक मसुदा केला आणि त्याची सव्वीस मनोगतं काढली. नाव बदललं, दुखणं बदललं. एकाची साखर उतरली, एकीचा गुडघा सुटला, एकाला गोळीशिवाय झोप लागू लागली. ‘घरच्यांचे प्रेम व क्लबची साथ’ सगळ्यांना सारखीच मिळाली. एकानेही तक्रार केली नाही, उलट दोघातिघांनी आपलं मनोगत वाचून डोळे पुसले. फक्त क्लॅरिस अडली. “माझा मी सांगते तो लिव. हसून गुडघा बरा झाला नाय. सोबत झाली.” तेवढीच ओळ तिच्या नावाखाली छापली, आणि पान रिकामं दिसू नये म्हणून खाली गुलाबाचं चित्र टाकलं.

सव्विसावं जयंतीबाईंचं स्वतःचं. ते त्यांनी सगळ्यात शेवटी, फार विचार न करता केलं. ‘चिरंजीव अनय व सून सौ. मानसी माझी सर्वतोपरी काळजी घेतात. मला कशाचीही उणीव नाही. माझे प्रत्येक दिवसाचे हसू मनापासूनचे आहे.’ स्मरणिकेत आणखी काय लिहितात? मानसी वाचणार होती, सोसायटी वाचणार होती. आणि खाली, बोटांना ठाऊक असलेली ओळ आपोआप आली: ‘वरील मजकूर मी राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय लिहिला आहे.’

क्लॅरिसने ते वाचलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवला. “ही शेवटची लाइन कशाला गो?”

“सवय आहे.”

पुढच्या तीन महिन्यांत फ्लॅट बघायला माणसं येऊ लागली. जयंतीबाई दिवाणावर बसलेल्या असत, माणसं दिवाणाची लांबी नजरेने मोजत. एके रविवारी अनयने कर्जतकडच्या एका ज्येष्ठ निवासाचं माहितीपत्रक टीपॉयवर ठेवलं. हिरवंगार होतं.

“आम्ही ठाण्याला वन बीएचके घेतोय, आई. तिथे तुझी गैरसोय होईल. इथे बघ, डॉक्टर आहे, बाग आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत. आणि आम्ही येणारच ना.”

“हे घर विकायचं नाही म्हटलं तर?”

अनयने हे फार समजुतीने घेतलं. “आई, ते तुझं नाहीये ना आता.”

जयंतीबाई आत गेल्या, म्हणजे स्वयंपाकघरात, कारण आत दुसरं काही उरलं नव्हतं. बक्षीसपत्राची प्रत त्यांनी पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. शेवटचा परिच्छेद त्यांनी उभ्यानेच वाचला. योग्य सांभाळ करील या अटीवर. अट मोडली असेल तर देणं रद्द करता येतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा अर्ज त्यांनी क्लॅरिसच्या घरी, जेफ्रीच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप केला. दिवाण, कुलूप, चार आकडे, तीन तास, माहितीपत्रक. एकही विशेषण नाही. साहेबांना विशेषणं आवडत नाहीत.

पहिल्या तारखेला अनयने लेखी उत्तर दिलं. त्याला दोन गोष्टी जोडल्या होत्या: पेनड्राइव्हवर चौदा व्हिडिओ, आणि स्मरणिकेचं पान तेहेतीस.

घरी येताना रिक्षात जयंतीबाईंनी पान तेहेतीस पुन्हा वाचलं. क्लॅरिसने त्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हसणं आटोपल्यावर त्यांनी चंद्रप्रकाशांना गाठलं. “एक पत्र हवं होतं क्लबचं. इथे जे हसतो तो व्यायाम असतो, त्याचा मनस्थितीशी संबंध नसतो, एवढंच.”

चंद्रप्रकाशांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. “मॅडम, कसं देणार? आपण खोटं हसतो असं लेटरहेडवर?”

“तुम्हीच रोज सांगता ना. हसू येत नसेल तरी हसा.”

“ते तोंडी. लेखी दिलं तर क्लबची वाट लागेल. उद्या नगरसेवक विचारेल, खोट्या हसण्यासाठी शेड कशाला बांधून दिली? आणि बाकीच्यांचाही विचार करा. सव्वीस मनोगतं आहेत. एक खोटं म्हटलं की पंचवीस खोटी होतात.”

“ती सगळी मीच लिहिली आहेत.”

“तेच म्हणतोय मी,” चंद्रप्रकाश हळूच म्हणाले. “लोकांना माहीत नाहीये ते.”

लोकांना अर्थातच माहीत होतं. पण साखर उतरलेल्या गृहस्थांनी त्या आठवड्यापासून जयंतीबाईंपासून चार माणसं सोडून उभं राहायला सुरुवात केली.

दुसऱ्या तारखेला खोलीत गर्दी होती. भिंतीला टेकून आठ-दहा म्हातारे आपापल्या नंबरची वाट बघत होते, हातात पिशव्या, पिशव्यांत मुलांचे फोटो आणि कागद. अधिकारी पन्नाशीचे, थकलेले, वाईट माणूस नव्हे. त्यांनी व्हिडिओ पाहिला. कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरमधून जयंतीबाईंचं सिंहहास्य खोलीभर गडगडलं. मग त्यांनी पान तेहेतीस उघडलं.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“टाइप केलंय. ठरावीक मसुदा आहे, साहेब. सव्वीस जणांचा एकच.”

“कुणी सांगितलं असं लिहायला?”

पस्तीस वर्षं त्यांनी हा प्रश्न ऐकला होता आणि त्याच्यावर माणसं कशी घसरतात ते पाहिलं होतं. “कुणी नाही.”

“शेवटी लिहिलंय, कोणत्याही दबावाशिवाय.”

“सवय आहे.”

मागे बसलेली क्लॅरिस उठली. “साहेब, ही बाई तीन-तीन तास बाकावर बसते. मी बसते ना बाजूला. घराचा नंबर हिला देत नायत.”

“तुम्ही कोण? पक्षकार आहात का?”

“मी चहा आणते.”

“बसा खाली.”

अनय उभा राहिला. सौम्य, इस्त्रीचा शर्ट. “सर, आईला विसरायला होतं म्हणून दिला नव्हता. तिला त्रास होऊ नये एवढाच हेतू. आत्ता देतो ना. सात, एक, एक, नऊ. आई, लिहून घे.”

जयंतीबाईंनी लिहून घेतलं. हात आपोआप चालला. एकाहत्तर-एकोणीस. ना कुणाची जन्मतारीख, ना लग्नाची. चार आकडे होते, बस. दीड वर्ष त्यांना वाटत आलं होतं की त्यात काहीतरी असेल.

“म्हणजे हा प्रश्न मिटला,” अधिकारी म्हणाले. “बाई, माझ्यासमोर तुमचं लेखी आहे की तुम्ही आनंदात आहात. चौदा व्हिडिओ आहेत. तुमचं म्हणणं हे हसू खोटं आहे?”

“व्यायाम आहे, साहेब. सांगाल तेव्हा करता येतो.”

“कशावरून?”

“आत्ताही करता येईल.”

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “करा.”

जयंतीबाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली. त्यांना एवढंच दाखवायचं होतं की दुःखात असलेला माणूसही हुकमावर हसू शकतो. याहून सरळ पुरावा त्यांना सुचत नव्हता. त्यांनी पाय रोवले, डोळे वटारले, पंजे उगारले, जीभ हनुवटीपर्यंत काढली आणि बेंबीच्या देठापासून सुरुवात केली. चोख झालं. इतकं चोख बागेतही कधी झालं नव्हतं. आधी शिपाई हसला. मग भिंतीजवळचे म्हातारे, एकेक करून, पिशव्या सावरत. एक आजोबा डोळे पुसायला लागले. क्लार्कने तोंडावर फाइल धरली. अधिकारी हसले. अनय हसला, आणि ते हसू त्याच्या वयाच्या आठव्या वर्षीचं होतं, ओठ दाबून नाकातून येणारं. ते जयंतीबाईंनी ओळखलं, आणि त्या मधेच थांबल्या.

हसत नव्हती ती एकटी क्लॅरिस.

“छान,” अधिकारी रुमालाने डोळे टिपत म्हणाले. “आमच्या कामात असं कुणी हसवत नाही हो. बसा.”

आदेश एकवीस दिवसांनी आला. अडीच पानं. गैरअर्जदार मुलाने कुलुपाचा क्रमांक अर्जदारास सुनावणीतच कळविल्याने ती तक्रार शिल्लक राहत नाही. अर्जदार यांनी स्वतः राजीखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय आपण समाधानी असल्याचे लिहून दिले आहे. आणि मग, दुसऱ्या पानाच्या मध्यावर: ‘सुनावणीदरम्यान अर्जदार या स्वतः मनमोकळेपणाने हसल्याचे या न्यायाधिकरनाने प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यावरून त्यांची शारीरिक व मानसिक स्थिती उत्तम असल्याचे दिसून येते.’ अर्ज नामंजूर.

जयंतीबाईंनी तो परिच्छेद दोनदा वाचला. शरीराला फरक कळत नाही, एवढंच चंद्रप्रकाश म्हणाले होते. बाकी कुणाला कळेल असंही ते म्हणाले नव्हते. ‘न्यायाधिकरणाने’मधला ण न झाला होता. त्यांनी पर्समधून पेन काढलं, तो दुरुस्त केला, आणि आदेश बक्षीसपत्राबरोबर पिठाच्या डब्यामागे ठेवला.

अपिलाची मुदत साठ दिवस होती, हे क्लॅरिसने त्यांना चार वेळा सांगितलं.

“काय सांगू त्यांना?” जयंतीबाई म्हणाल्या. “मी हसले नाही?”

“सांग, जबरदस्तीने हसवली.”

“कुणी?”

क्लॅरिसने थर्मासचं झाकण लावलं. आता जयंतीबाईंना नंबर माहीत होता, आठ वाजता घरी जाता येत होतं. तरी त्या अकरापर्यंत बसल्या. घरी खोकी भरून ठेवली होती.

ठाण्याचा ताबा मिळाला तसा अनय निवासाचा प्रवेश अर्ज घेऊन आला. त्याने तो स्वतः भरला होता, आईला त्रास नको म्हणून. नाव, वय, रक्तगट, औषधं, संपर्क. दिवाणावर तिच्या बाजूला बसून त्याने पानं उलटली.

“तिथेही आहे हास्यक्लब. मी मुद्दाम विचारून घेतलं. म्हटलं आईचं ते चुकायला नको.”

मानसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तिथल्या मॅडमना व्हिडिओ पण पाठवलाय आम्ही. त्या म्हणाल्या, यांनाच लीडर करू.”

जयंतीबाईंनी अर्ज हातात घेतला आणि पहिल्यापासून वाचत आल्या, ओळ न ओळ, बोट ठेवून. जन्मतारीख बरोबर होती. रक्तगट बरोबर होता. तिसऱ्या पानावर एक रकाना होता, ‘आवडी व छंद’. त्यात अनयच्या अक्षरात लिहिलं होतं: हसणे.

“सही कर ना,” अनय म्हणाला.

त्यांनी पेन उघडलं. खोडलं काहीच नाही. फक्त ‘हसणे’च्या पुढे, उरलेल्या जागेत, बारीक सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं: सकाळी सात ते आठ. मग खाली सही केली.